ब्रेकवर ठेवलेला वरवंटा

माझा मुलगा मला गाडीत शेजारी बसवायला आता कंटाळतो. जळगावच्या रस्त्यांवर गतिरोधकांना तोटा नाही, आणि प्रत्येक गतिरोधक आला की माझा उजवा पाय आपोआप खालच्या पायपुसण्यावर दाबला जातो. नुसता दाबला जात नाही, तिथेच धरून ठेवला जातो. "आई, ब्रेक माझ्या बाजूला आहे गं," तो म्हणतो. मी म्हणते, "असू दे. तुझा ब्रेक तू कधी धरून पाहिलायस का?" मागे बसलेली सून तोंडावर पदर नाही म्हणून रुमाल घेते. हसेना का. या पोरांची गाडी बिघडली की कंपनीचा माणूस येऊन घेऊन जातो आणि संध्याकाळी पुसून-बिसून आणून देतो. मधे काय झालं ते यांना ठाऊक नसतं. आमच्या घरी गाडी बिघडली की ती अंगणात यायची, आणि मग सगळं घरच तिच्याखाली शिरायचं.

आमचं घर सोनगीरला, तांबट आळीच्या मागच्या बाजूला. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी तांब्याच्या हंड्यांवर हातोडे सुरू व्हायचे. बाहेरगावचा पाहुणा कानावर हात ठेवायचा, आणि आम्हाला मात्र अमावास्येला हातोडे बंद असले की चुकल्यासारखं व्हायचं. अंगणात एक मोठा निंब, आणि त्या निंबाखाली आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा ट्रक. जुना, पुढे लांब नाक असलेला. दादांनी तो घेतला तेव्हाच तो दुसऱ्या कोणाच्या हाताखाली म्हातारा झालेला होता. त्यातून अमळनेरला कापूस जायचा, मालेगावहून कांदा यायचा, सणासुदीला आळीतली भांडीही जायची. दादा मोजकं बोलायचे. कौतुक तर त्यांच्या तोंडातून बाहेर पडायला लाजायचं. एखादी गोष्ट मनासारखी झाली तर "हूं" म्हणायचे, आणि नाही झाली तरी "हूं"च. कोणतं "हूं" कोणतं ते फक्त मायला कळायचं.

आणि माझ्या मोठ्या बहिणीला, सुमनअक्काला. ट्रकच्या ब्रेकचं काम निघालं की दादांना अक्का लागायची. तेलावरचा ब्रेक होता तो. पायाने दाबला की तेल नळ्यांमधून चाकापर्यंत जायचं आणि चाक धरायचं. त्या नळ्यांत कुठे हवा शिरली की ब्रेक ढिला पडतो, मग ती हवा काढावी लागते, आणि हे काम एकट्याचं नव्हे. एकाने वर बसून पायाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून तिथला छोटा नट ढिला करायचा. दादा गाडीखालून ओरडायचे, "दाब... दाब... धर!" अक्का धरायची. खाली बाटलीत सोडलेल्या नळीतून बुडबुडे निघायचे, दादा नट आवळायचे आणि म्हणायचे, "सोड." आधी सगळ्यांत लांबचं चाक, मग जवळचं. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, लांबच्या लेकीला आधी आणायला जायचं असतं, जवळच्या येताना रस्त्यात भेटतात. दादांच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं भाषण असावं.

लेकींचं त्यांच्या तोंडी आलं त्याला कारण होतं. आमच्या खान्देशात सण एकच, आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. बाकीचे सण आपले पंचांगात. आखाजीला सासरी गेलेली पोर माहेरी यायलाच हवी. तिला आणायला घरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. पूर्वी बैलगाड्या जायच्या. दादांनी ट्रक घेतल्यापासून आमच्या गल्लीतल्या, साक्रीच्या अंगाला दिलेल्या जेवढ्या पोरी, त्या सगळ्यांचे मुराळी दादाच. आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे ट्रक धुऊन, आत सतरंज्या अंथरून, कडेला निंबाचे डहाळे बांधून निघायचे. थेट शेवटच्या गावापर्यंत जायचे आणि परत येताना एकेक पोर गोळा करत यायचे. संध्याकाळी नाक्यावरून गाणी ऐकू यायला लागली की गल्लीतल्या आया रस्त्यावर यायच्या. एवढ्या बाया, लेकरं, बोचकी त्या ट्रकमधून उतरायची, की एवढं सगळं त्यात मावलं कसं असं वाटायचं.

आणि मग अक्काचंच लग्न झालं. दिली तीही कोंडाईबारीच्या घाटापलीकडे, नवापूरच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत. सगळ्यांत लांबची लेक आता आमचीच झाली. तिचे सासरे कडक. दिवाळीला आमच्याकडे पाठवली नाही. "आमच्याकडे पहिली दिवाळी घरातच करतात," असं काहीतरी कारण सांगितलं. आखाजीला पाठवू म्हणाले, पण आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत गाडी दारात पाहिजे. सणाच्या दिवशी सून घराबाहेर काढायची त्यांच्यात पद्धत नाही. मायने तो निरोप ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून कुरडया, पापड, शेवया सुरू केल्या. जणू पोर कुठे दुष्काळात होती. मी मात्र निंबाला झोका बांधून घेतला आणि त्यावर कोणालाही बसू दिलं नाही. आधी अक्का बसेल, मग बाकीच्या, हा माझा कायदा. खोटं कशाला सांगू, ती गेल्यापासून मला घर खायला उठायचं.

आखाजी तोंडावर आलेली आणि दादा मालेगावहून आले ते ट्रक अगदी सावकाश, गियरमधे घुरघुरवत. अंगणात आणून चाकांच्या मागेपुढे दगड लावले आणि मायला म्हणाले, "ब्रेक लागत नही." एकदा दाबला तर पाय तळाला जायचा. दोनदा-तीनदा दाबला की कुठे धरायचा. धुळ्याचा नेहमीचा मिस्त्री आखाजीसाठी आपल्या गावी गेला होता. आखाजीला आमच्याकडे पुरुष माणसं पत्ते खेळतात, आणि हा मिस्त्री तर सणाच्या चार दिवस आधीच मांडी घालून बसायचा. तो काही उठणार नव्हता. माय म्हणाली, एवढ्या वर्षांची गाडी आहे, सावकाश न्या. दादा तिच्याकडे न बघता बोलले, "माल ऱ्हाता तं लई जातू. पन आठे बठ्ठी गल्लीन्या आंडेरी बसनार शेतस." कापूस असता तर नेली असती, पण यात लोकांच्या लेकी बसणार आहेत. माय आत गेली आणि चुलीपुढे बसून डोळ्यांना पदर लावला. विचारलं तर म्हणाली, धूर झालाय. चूल विझलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी काम काढलं. आधी चारी चाकं आतल्या अंगाने हात फिरवून पाहिली, कुठे तेल पाझरतंय का. सगळं कोरडं. तेलाच्या डब्याचं झाकण उघडून वरून पाहिलं, डबा भरलेला. आत घासणाऱ्या पट्ट्या चाकाला जवळ घेतल्या. म्हणजे राहिली फक्त हवा. मग ते मागच्या डाव्या चाकाशी आडवे झाले आणि खालून हाक आली, "सुमन, दाब!"

हातोडे वाजत होते, तरी ती हाक मला, मायला आणि खाटेवर बसलेल्या आबांना, म्हणजे आजोबांना, ऐकू आली. मी धावत गेले, दार उघडलं आणि अक्काच्या जागेवर चढून बसले. त्या लोखंडी पट्टीवर, जिथे तिचा पाय असायचा, तिथे पाय ठेवला. माझा पाय नीट पोचत नव्हता, म्हणून पाठीमागे गोणपाटाची गुंडाळी घेतली. "दाब... दाब... धर!" मी धरला. थोडे बुडबुडे निघाले म्हणे. एकेक करून चारी चाकं झाली. ब्रेक चांगला टणक लागायला लागला. दादा म्हणाले, "हूं." आणि हे चांगलं "हूं" आहे हे मलासुद्धा कळलं.

पण मी पाय काढला नव्हता. आणि पायाखाली काहीतरी होत होतं. आधी मला वाटलं भास आहे. पट्टी अगदी मुंगीच्या चालीने खाली चालली होती. मी ओरडले, "दादा, पाय खाले जाई राहिना!" दादा बाहेर आले, हात पुसत माझ्याकडे बघितलं. "तुनाच पाय हालस व्हई," म्हणाले. गळती नाही, तेल कमी नाही, मग पाय खाली जाईल कसा? आणि वळता वळता बोलले, अक्का असती तर तिचा पाय असा हलला नसता.

हे मला इतकं लागलं म्हणून सांगू! अक्का माझीही लाडकी होती, पण अशी डोक्यावर आणून बसवायची काही गरज होती का? मी तणतणत घरात गेले. माय परसात डाळ निवडत होती. पाट्यावर वरवंटा आडवा ठेवलेला, पुरण वाटायला नुकताच धुतलेला. मी तो उचलला, पोटाशी धरून बाहेर आणला, ट्रकमधे चढवला. आधी पट्टी पायाने दोनदा दाबून टणक केली आणि मग तिच्यावर वरवंटा टेकवला. हात फक्त पडू नये म्हणून बाजूला. म्हटलं, दादा, आता या. वरवंट्याला काही पाय नाहीत हलायला.

दादा आले. दाराशी उभे राहिले. वरवंटा बसल्या बसल्या खाली चालला होता, अगदी शांतपणे, आणि शेवटी तळाला टेकला. दादांनी तो उचलून बाजूला ठेवला, पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा वरवंटा ठेवला. पुन्हा तेच. मग त्यांनी झाकण काढलं, डब्यात बोट बुडवलं आणि त्याच हाताने वरवंटा उचलून माझ्याकडे दिला.

तेवढ्यात माय वरवंटा शोधत तिथे आली. आता माय म्हणजे काय, तिचा पाटा-वरवंटा म्हणजे देवच. "सणना वरवंटा, आनि तुमी तेलमा बुडाडा?" असं ओरडत तिने तो माझ्या हातातून हिसकला. हिसकला आणि थबकली. वरवंट्याला दादांचं तेलाचं बोट लागलं होतं. तिने तो नाकाशी नेला, मग दादांचं बोट धरून नाकाशी नेलं. "हाई तं आपलं घानीनं तेल शे," ती म्हणाली. शेंगदाण्याचं, घाणीवरून आणलेलं, तिच्या स्वयंपाकातलं गोडं तेल. ट्रकच्या ब्रेकमध्ये! दादांनी वास घेतला, मी घेतला. ब्रेकच्या तेलाचा उग्र वास होताच, पण त्याच्या मागून भजी तळल्यासारखा वास येत होता.

आम्ही तिघांनी एकदम खाटेकडे बघितलं. आबांनी विडी खाली ठेवली.

आबांनी जन्मभर बैलगाडी हाकली होती. पोरीला आणायला गाडी निघायची तर त्याआधी आखाला, म्हणजे चाकांच्या कण्याला, तेल द्यायचं, हा आमच्या घराचा शिरस्ता. बाईमाणसाला आणायला जाणारी गाडी रस्त्याने करकरत जाऊ नये, ऐकणाऱ्याला वाटतं माहेरची माणसं कुरकुरत आली. नातीला आणायचं ठरलं आणि आबांनी मनोमन ते काम आपल्याकडे घेतलं. कोणाला सांगायचं त्यात काय? दादा गावात गेलेले बघून त्यांनी ट्रकचं झाकण उघडलं, तेलाचा एक डबा दिसला, थोडा खाली गेलेला. घरातली तेलाची बरणी आणून तो काठोकाठ भरला. "डबामा तेल कमी दिखनं," आबा म्हणाले, "मना मनमा उनं, पोरले लेवाले जानार शे, तं चांगलं तेल टाकूत." गाडीचं तेल काळं असतं, हे आपलं खायचं, चोख. म्हाताऱ्याने उलट घरातलं उत्तम ते दिलं होतं.

दादांनी डोक्याला हात लावला. पायाखाली जे नळकांडं असतं त्यात रबराच्या वाट्या असतात, त्या तेलाला पुढे ढकलतात. ब्रेकचं तेल त्या रबराला चालतं, गोडं तेल चालत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, आणि दाबलेलं तेल वाटीच्या कडेने मागच्या मागे निसटतं. बाहेर थेंब पडत नाही आणि पाय तर खाली जातो. म्हणून गळती सापडत नव्हती. हे सगळं ते आबांना नाही, मला सांगत होते. आबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर एवढंच बोलले, "म्हंजे मनामुये पोर ऱ्हायनी." माझ्यामुळे पोर राहिली. आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दुपारी जेवले नाहीत. मायने ताट नेलं, परत आणलं.

मला वाटलं दादा आता ओरडतील. त्यांचा राग मी पाहिलेला होता. पण ते सदरा चढवून नाक्यावर गेले आणि मिळाली ती एसटी पकडून धुळ्याला. तिथे अर्धी दुकानं सणाने बंद. एका दुकानदाराच्या घरी जाऊन, त्याला जेवणावरून उठवून रबराच्या वाट्या आणि ब्रेकच्या तेलाचे डबे घेऊन ऊन कलायच्या आत परत आले. मग आमच्या अंगणात असा पसारा पडला की विचारू नका. चारी चाकं उतरवली. नळ्यांतलं सगळं तेल काढून टाकलं, नव्या तेलाने धुऊन काढलं. मायने पुरण बाजूला ठेवून एक स्टीलची वाटी दिली, तिच्यात नवी रबरं भिजत घातली. ती वाटी परत स्वयंपाकघरात गेली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती दादांच्या हत्यारांच्या पेटीत होती, आणि माय दर दिवाळीला भांडी घासताना तिची आठवण काढायची.

काम अर्ध्यावर आलं आणि दादा उठले. खाटेपाशी गेले, आबांच्या पायथ्याशी बसले. हातात शेंगदाण्याच्या तेलाची बरणी होती. मी चाकाशी बसून ऐकत होते. दादा म्हणाले, "आबा, मांगला फायकाना कब्जा भलता करकर करतस. पोरी चढतीन तवय वाजतीन. त्यासले तेल देवानं ऱ्हाई गयं." ट्रकचा मागचा फाळका, त्याचे कब्जे म्हणजे बिजागऱ्या उघडताना खरंच कुईऽऽ करून ओरडायच्या. आबा उठले, धोतर खोचलं आणि बरणी घेऊन मागे गेले. एकेक कब्जा, साखळी, खिट्टी, सगळ्याला चिंधीने तेल लावत बसले. फाळका उघडायचे, मिटायचे, कान लावायचे, पुन्हा तेल. जेवायचं राहिलं होतं ते मग त्यांना आपोआप आठवलं. मी आयुष्यात पुष्कळ माफी मागणारे आणि देणारे पाहिले, पण इतकी सोपी माफी पुन्हा पाहिली नाही.

शेवटी पुन्हा तेच. लांबचं चाक आधी. खालून हाक आली, "धाकली, दाब!" मी दाबला. धरला. सोडला. पुन्हा दाबला. चारी चाकं झाल्यावर दादा म्हणाले, आता धरून ठेव. मी दात-ओठ खाऊन धरला. मायने वरवंटा द्यायला साफ नकार दिला होता, म्हणजे आता माझ्या पायाशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता. पायाला मुंग्या आल्या, पोटरी थरथरायला लागली, पण पट्टी जिथे होती तिथे होती. दगडावर पाय ठेवल्यासारखी. दादांनी खालून विचारलं, "आते?" मी म्हटलं, "हालत नही." मला वाटलं ते स्वतः येऊन बघतील, नेहमी बघायचे. ते आले नाहीत. हात धुवायला गेले.

पहाटे दादा गेले आणि तो दिवस काही सरेना. मायने खापरावर पुरणपोळ्या टाकल्या, एरवी तिची एक पोळी फाटत नसे, त्या दिवशी पहिल्या दोन फाटल्या. आबा दुपारपासूनच नाक्यावर जाऊन बसले. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, तांबट आळीतले हातोडे थांबले. मी झोक्याची दोरी धरून उभी होते. घाटात काय झालं असेल, माझा पाय खरंच हलला नव्हता ना, मलाच कळलं नसेल तर? नाही नाही ते मनात येत होतं. आणि मग लांबून गाणं आलं. एकीचं नाही, पुष्कळ बायकांचं, गाडीच्या हेलकाव्यांनी वरखाली होणारं. मागे आबांचा आवाज, "उन्यात, उन्यात!" आल्या, आल्या! मागचा फाळका उघडला. करकरला नाही.

अक्का पुढून, दादांच्या शेजारून उतरली. वाळली होती. हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. मायच्या गळ्यात पडली, आबांच्या पाया पडली, आणि मग मला म्हणाली, "चाल, झोका." मायची हाक येत राहिली, आधी खाऊन घ्या गं, आम्ही गेलो नाही. दोघी एकाच फळीवर बसलो. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "धाकली, तूनं काय करं वं दादासले?" मी म्हटलं, काय केलं? तर म्हणाली, "बठ्ठा रस्ता, जठे वयन उनं, जठे ब्रेक दाबात, तठे म्हनेत, हाऊ पाय मनी धाकलीना शे." दर वळणाला, दर ब्रेकला. हा पाय माझ्या धाकलीचा आहे. पाठीमागे बाया गात होत्या आणि पुढे दादा हेच बोलत होते, घाटापासून घरापर्यंत. मीच रडले मग. झोका थांबवून, मोठ्याने, लहान पोरासारखी. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिकडे दादा चाकांना दगड लावत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे मीसुद्धा त्याच ट्रकमधून आखाजीला माहेरी आले, दादांच्या शेजारी बसून, त्यांच्या पायाकडे बघत. मग ट्रक गेला. आबा तर आधीच गेले होते, माय-दादा गेले, आणि परवाच्या थंडीत अक्काही गेली. निंब अजून आहे म्हणतात. मी बघायला गेलेले नाही, झोक्याशिवाय तो बघवणार नाही मला. आता या वयात मला न्यायला कोण मुराळी यायचा?

आमचं हे जळगावचं घर महामार्गाला लागून आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी मी सुनेला पुरण शिजवायला सांगते आणि आपली स्वयंपाकघरात बसून राहते. संध्याकाळी चौकात एखादा ट्रक थांबतो, त्याच्या ब्रेकची हवा फुस्स करून सुटते, आणि माझं चित्त उडतं. हे हवेवरचे ब्रेक. आमची गाडी तेलावरची, तिचा ब्रेक असा वाजायचाच नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी हातातलं टाकून गॅलरीत जाते.